काट्यावर सारखी, आजारात वेगळी: पित्ताम्लांची स्टँडर्ड्स कशी बनवावीत आणि कशी पारखावीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या बायोकेमिस्ट्री विभागात ट्रिपल क्वाड एलसी-एमएस यंत्र (नमुन्यातले रेणू कॉलमवर वेगळे करून त्यांचं वस्तुमान मोजणारं) आलंय. तिथल्या मॅडमना कावीळ न हटणाऱ्या तान्ह्या बाळांच्या लघवीतली आणि रक्तातली पित्ताम्लं तपासायची आहेत. पण चयापचयाच्या दुर्मिळ आजारांत जी वेगळीच पित्ताम्लं दिसतात, त्यांची स्टँडर्ड्स, म्हणजे तुलनेसाठी लागणारे शुद्ध, ओळखीचे रेणू, एक तर मिळत नाहीत, नाहीतर परदेशातून मागवावी लागतात. यंत्र वस्तुमान अचूक सांगतं, जनुकीय चाचणीही होते, मग स्टँडर्डवाचून भागणार नाही का? आणि नसेलच भागत, तर ती इथे बनवून घेता येतील का, घेताना काय बघावं?

मॅडम, स्टँडर्डवाचून भागणार नाही. आणि हो, इथे बनवता येतील. मी पाषाणला गेली बावीस वर्षं स्टिरॉइडचं रसायन करतोय. त्यातली निम्मी वर्षं पित्ताम्लांत गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी पित्ताबद्दल दोन ओळी, कारण हे उत्तर तुमच्याकडचे निवासी डॉक्टर आणि माझ्याकडचे एमएस्सीचे विद्यार्थीही वाचतील. आपण ‘पित्त झालंय’ म्हणतो ते जठरातल्या आम्लाबद्दल. इथलं पित्त यकृतातलं. २७ कार्बनच्या कोलेस्टेरॉलपासून यकृत पायरीपायरीने २४ कार्बनची आम्लं बनवतं. त्यातली मुख्य दोन म्हणजे कोलिक आणि किनोडीऑक्सिकोलिक. मग त्यांना ग्लायसिन किंवा टॉरिन जोडून पित्तात सोडतं. साबणासारखं काम करणारे हे रेणू नसतील तर पित्त वाहत नाही, चरबी पचत नाही, आणि अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं अंगी लागत नाहीत. वाटेतलं एखादं एन्झाइम जन्मतःच नसेल तर गाडी तिथेच अडते. अडलेला अर्धवट माल साठतो, आणि तोच यकृताला इजा करतो.

आता दवाखान्यात काय होतं बघा. बाळ पिवळं आहे, शी फिकट आहे, पण खाज नाही, जीजीटी हे यकृताचं एन्झाइम रक्तात वाढलेलं नाही. कोणीतरी रक्तातली एकूण पित्ताम्लं करायला सांगतं. रिपोर्ट येतो, नॉर्मल किंवा कमी. सगळे पुढे सरकतात. पण त्या नेहमीच्या किटमधलं एन्झाइम फक्त तिसऱ्या कार्बनवर ‘अल्फा’ बाजूला (सांगाड्याच्या खालच्या; वरची ती ‘बीटा’) हायड्रॉक्सिल, म्हणजे ओएच गट, असलेली पित्ताम्लं पकडतं. एचएसडी३बी७ हे एन्झाइम नसलेल्या बाळाच्या शरीरात हायड्रॉक्सिल ‘बीटा’ बाजूलाच राहतं. किटला ती पित्ताम्लं दिसतच नाहीत. या आजाराला औषध आहे. तोंडाने कोलिक आम्ल देतात, अमेरिकेच्या एफडीएने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. त्याने पित्त वाहू लागतं आणि यकृत चुकीचा माल बनवायचंही कमी करतं. वेळेत ओळखलं तर यकृत वाचतं. मला ही कामं टाळवत नाहीत ती याचमुळे.

जनुकीय चाचणीबद्दल म्हणाल, तर ती कराच. पण तिच्यात कित्येकदा ‘अर्थ निश्चित नाही’ असा शेरा घेऊन एखादा बदल येतो. तो बदल खरंच एन्झाइम बंद पाडतो का, हे लघवीतलं रसायनच सांगतं.

आता यंत्राकडे. वस्तुमान अचूक कळलं की रेणू कळला, हा समज पित्ताम्लांच्या बाबतीत साफ चुकीचा आहे. सर्वांत बोलकं उदाहरण नीमन-पिक टाइप सी या आजाराचं. त्यात पेशींतलं कोलेस्टेरॉल अडकून पडतं, ऑक्सिडेशन होऊन त्यातून एक विचित्र पित्ताम्ल तयार होतं: ३-बीटा, ५-अल्फा, ६-बीटा-ट्रायहायड्रॉक्सिकोलॅनिक आम्ल. रक्तात ते ग्लायसिन जोडलेल्या रूपात सापडतं. २०१६ मध्ये ते आजाराची खूण म्हणून प्रसिद्ध झालं, आणि त्याची रचना पक्की झाली ती रेणू प्रयोगशाळेत बनवून रुग्णाच्या नमुन्याशी ताडून बघितल्यावरच. कारण साधं आहे. या ग्लायसिन-आम्लाचा ऋण आयन एम/झेड (वस्तुमान भागिले भार) ४६४ वर येतो. आणि प्रत्येक निरोगी माणसाच्या रक्तात जेवणानंतर वाढणाऱ्या ग्लायकोकोलिक आम्लाचाही ४६४ वरच येतो. सूत्र एकच, अणू तितकेच. फोडलं तरी दोन्हींतून ग्लायसिनचा तोच ७४ चा तुकडा निघतो. म्हणजे ४६४ ते ७४ असं ट्रान्झिशन, म्हणजे मूळ आयन आणि त्याच्या तुकड्याची जोडी, लावून बसलात, तर पोहे खाऊन आलेला निरोगी मुलगा आणि नीमन-पिकचा रुग्ण यांत यंत्राला फरक कळणार नाही. फरक कळतो तो कॉलमवर, कोण किती मिनिटांनी बाहेर पडतो त्यावरून. आणि कोणत्या मिनिटाला कोण, हे सांगायला हातात खरा रेणू लागतो. त्याचंच नाव स्टँडर्ड. या आजारावर २०२४ मध्ये एफडीएने दोन औषधांना मान्यता दिली, त्यामुळे तो लवकर ओळखण्याला आता आणखी मोल आलंय.

हा रेणू बनवायचा कसा, ते थोडं खोलात सांगतो. या सगळ्या विषयाची गंमत त्यात आहे.

सुरुवात करायची हायोडीऑक्सिकोलिक आम्लापासून. हे डुकराच्या पित्तातून मिळतं, किलोने मिळतं आणि परवडतं. त्याच्या तिसऱ्या आणि सहाव्या कार्बनवर अल्फा बाजूला हायड्रॉक्सिल असतात. आम्लाचा मिथाइल एस्टर करून दोन्ही हायड्रॉक्सिलचे टॉसिलेट (सहज निघून जाणारे गट) करायचे आणि डीएमएफ या द्रावकात पोटॅशियम ॲसिटेटबरोबर गरम करायचं. एकाच भांड्यात दोन गोष्टी घडतात. तिसऱ्या कार्बनवरचा टॉसिलेट उलट बाजूने ढकलला जातो, म्हणजे अल्फाचं बीटा होतं. सहाव्यावरचा निघून जातो आणि पाच-सहामध्ये दुहेरी बंध तयार होतो. मूळच्या वाकड्या रेणूचा कोलेस्टेरॉलसारखा सपाट सांगाडा तयार! पहिल्यांदा हे जमलं तेव्हा टीएलसीची (रेणू ठिपक्यांनी वेगळे दाखवणारी) पट्टी फॉस्फोमॉलिब्डिकमध्ये बुडवून गरम केल्यावर उमटलेला तो ठिपका मी वहीत चिकटवून ठेवला होता.

पुढची पायरी जुनी आणि भरवशाची: फॉर्मिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. दुहेरी बंधावर एपॉक्साइड (ऑक्सिजनचं तीन अणूंचं कडं) बनतं, आणि आम्ल ते लगेच उघडतं. एपॉक्साइड वरच्या बाजूने बनो की खालच्या, आम्लात उघडताना दोन्हींतून एकच उत्तर येतं, ५-अल्फा आणि ६-बीटा. सांगाड्यावर ज्या दोन जागा उभ्या आणि एकमेकींच्या विरुद्ध असतात, तिथेच हायड्रॉक्सिल जाऊन बसतात. निसर्गानेही शरीरात हेच केलेलं असतं. मग अल्कलीने फॉर्मेट काढून टाकायचे, आम्ल मोकळं करायचं. एक सूचना मात्र जरूर देतो. परफॉर्मिक आम्ल तापतं, पेरॉक्साइड थेंबाथेंबाने घाला, खाली बर्फ असू द्या, आणि शेवटी उरलेला पेरॉक्साइड सल्फाइटने मारल्याशिवाय रोटाव्हॅपला (द्रावक उडवायच्या यंत्राला) फ्लास्क लावू नका. माझ्याकडे नव्याने येणाऱ्या प्रत्येक मुलाला हे मी पहिल्या दिवशी सांगतो, आणि त्या दिवशी स्वतः शेजारी उभा राहतो.

शेवटी ग्लायसिन जोडायचं. ग्लायसिनचा मिथाइल एस्टर, जोडणी घडवणारे ईडीसी आणि एचओबीटी, रात्रभर ढवळणं, सकाळी लिथियम हायड्रॉक्साइडने एस्टर सोडवणं. तिन्ही हायड्रॉक्सिल उघडे ठेवले तरी ते मध्ये येत नाहीत. एनएमआरमध्ये (चुंबकीय क्षेत्रात रेणूतल्या अणूंचे सिग्नल दाखवणारी तपासणी, सिग्नलची जागा पीपीएममध्ये) सहाव्या कार्बनवरचा हायड्रोजन ३.५ पीपीएमच्या जवळपास अरुंद दिसला पाहिजे. तो आडव्या जागेवर असल्यामुळे शेजाऱ्यांशी त्याचं कपलिंग कमी. तो रुंद, पसरलेला दिसला तर हायड्रॉक्सिल चुकीच्या बाजूला आहे. तुमचं ४६४ त्या रेणूलाही तितकंच लागू पडेल, म्हणून हा एक सिग्नल तुम्ही स्वतः रिपोर्टमध्ये बोट ठेवून बघा.

एचएसडी३बी७ च्या आजारासाठी लागणारा रेणू याच मधल्या टप्प्यावरून निघतो. पाच-सहाचा दुहेरी बंध तसाच ठेवायचा, सातव्या कार्बनवर ऑक्सिडेशन करून कीटोन करायचा, आणि तो कीटोन पुन्हा हायड्रॉक्सिलवर आणायचा. ऐकायला सोपं. यातच मी एकदा तीन आठवडे घालवले. सवयीने सोडियम बोरोहायड्राइड घातलं, पांढरंशुभ्र घन हाती आलं, वस्तुमान बरोबर, टीएलसीवर एकच ठिपका. पण एनएमआरमध्ये दुहेरी बंधावरचा हायड्रोजन ५.३ ला होता. तो ५.६ ला, दुपदरी हवा होता. म्हणजे सातव्यावरचा हायड्रॉक्सिल बीटा झाला होता, आणि आजारात असतो तो अल्फा. लहान अभिकारक मोकळ्या बाजूने आत शिरतो आणि हायड्रॉक्सिलला नको तिकडे वळवतो. एल-सेलेक्ट्राइडसारखा बोजड अभिकारक उणे ७८ अंशांवर वापरला की अल्फा मिळतं. सगळी बॅच नव्याने केली. ती जुनी बाटली मी फेकली नाही, लेबलवर मोठ्या अक्षरांत ‘७-बीटा’ लिहून ठेवली. आज ती फार उपयोगी पडते, कारण कॉलम अल्फा-बीटा वेगळे करतोय की नाही हे तपासायला दोन्ही लागतात. तुम्हीही स्टँडर्ड मागवताना चुकीचा जुळा भाऊ थोडासा मागून घ्या. रसायन करणाऱ्याकडे तो बहुतेक पडलेला असतोच.

हा रेणू नाजूक आहे. दुहेरी बंधाच्या शेजारी हायड्रॉक्सिल असल्यामुळे आम्लाचा वास लागला की पाणी टाकून मोकळा होतो. क्लोरोफॉर्म-डी मध्ये थोडं आम्ल असतंच, म्हणून एनएमआर मेथनॉल-डी४ मध्ये काढा. सिलिकाच्या कॉलमवर घालायचा असेल तर चिमूटभर ट्रायइथाइलअमीन घाला. आणि इथेच या आजाराचा इतिहासही दडलाय. पूर्वी लघवीतल्या पित्ताम्लांचं जीसी (वायुरूपात रेणू वेगळे करणारी क्रोमॅटोग्राफी) करायच्या आधी सल्फेट काढायला आम्लाची प्रक्रिया करत. त्या प्रक्रियेतच हे रेणू मोडून जात, आणि विश्लेषकाच्या हाती काहीच लागत नसे. लघवीला हात न लावता ती थेट तपासणारी फास्ट ॲटम बंबार्डमेंटची पद्धत आली, आणि १९८७ मध्ये हा आजार पहिल्यांदा नीट वर्णिला गेला. म्हणून तुमच्या वॉर्डाला कळवा की या चाचणीच्या लघवीत हायड्रोक्लोरिक आम्ल घालायचं नाही. २४ तासांच्या लघवीला आम्ल घालायची सवय हाताला असते, ती इथे घात करते. साधी ताजी लघवी, लगेच उणे २० ला.

शरीरात हे रेणू सल्फेट होऊन येतात. एम/झेड ४६९ आणि ४८५ ला, ग्लायसिन जोडलेले असतील तर ५२६ आणि ५४२ ला. त्यामुळे स्टँडर्डही सल्फेटचंच हवं, नुसत्या आम्लावर भागवू नका. सल्फेट दोन ऋणभारांचा, त्याचं आयनीकरण वेगळं, कॉलमवरची वागणूक वेगळी. सल्फर ट्रायऑक्साइड-पिरिडीन वापरून ते करता येतं. इथे लेबल वाचताना एक हमखास चूक होते. मुक्त आम्लाचा रेणुभार सुमारे ४७१, डायसोडियम क्षाराचा सुमारे ५१५. बाटलीत क्षार असताना हिशोब आम्लाचा केला, तर नऊ-दहा टक्के तिथेच चुकलं. आणि हे क्षार पाणी ओढतात. जुलैत पाषाणला डोंगराकडून पाऊस आत येतो तेव्हा काट्यावर ठेवलेल्या सल्फेटचं वजन डोळ्यांदेखत वाढतं. मी ते दिवस टाळतो, नाहीतर खोली कोरडी करून, झाकण लावून तोलतो.

तिसरा गट एकेआर१डी१ या एन्झाइमच्या कमतरतेचा. तिथे ३-ऑक्सो-डेल्टा-४ प्रकारची (तिसऱ्या कार्बनवर कीटोन, चार-पाचमध्ये दुहेरी बंध) आम्लं दिसतात, ग्लायसिनची ४४४ आणि ४६० ला, टॉरिनची ४९४ आणि ५१० ला. किनोडीऑक्सिकोलिकच्या मिथाइल एस्टरवर सिलाइटवर चढवलेलं सिल्व्हर कार्बोनेट वापरलं की फक्त तिसऱ्या कार्बनचा कीटोन होतो, सातव्याला धक्का लागत नाही. मग चार-पाचमध्ये दुहेरी बंध आणायचा. शेवटी एस्टर सोडवताना अल्कली जास्त झाली किंवा तापली, तर सातवा हायड्रॉक्सिल पाणी होऊन जातो आणि हाती दोन दुहेरी बंधांचं डायईन येतं. थंड, सौम्य, घाई न करता. या गटात तुम्हाला फक्त ‘आहे की नाही’ बघून चालत नाही, ‘किती’ हेही लागतं. कोणत्याही कारणाने यकृत फार खालावलं तरी ही आम्लं वाढतात. टायरोसिनेमिया या चयापचयाच्या आजारातही वाढतात. इतर पित्ताम्लांच्या तुलनेत त्यांचं प्रमाण किती, हे कळल्याशिवाय निदान करू नये. आणि ‘किती’ म्हटलं की सगळा भार स्टँडर्डच्या वजनावर येतो.

तेव्हा वजनाबद्दल. माझ्या मते मॅडम, तुमच्या प्रश्नाचं खरं मर्म इथे आहे.

काही वर्षांपूर्वी मी ग्लायसिन-आम्लाची एक बॅच एका लॅबला दिली. एचपीएलसीत (द्रवात रेणू वेगळे करून यूव्ही प्रकाशात बघणारी पद्धत) २०५ नॅनोमीटरवर शुद्धता ९९ टक्के. आम्ही समाधानी. तीन आठवड्यांनी तिथल्या मुलीचा फोन आला, ‘सर, जुन्या बॅचवरून बनवलेले आमचे कंट्रोल नव्या बॅचवर दहा टक्के जास्त दाखवतायत.’ ती बारकाईने बघणारी होती म्हणून कळलं. मी क्वांटिटेटिव्ह एनएमआर केला, ज्याचं वजन प्रमाणित आहे असं मॅलेइक आम्ल सोबत तोलून. निकाल आला ९१ टक्के. उरलेले नऊ टक्के कुठे? ४.१ पीपीएमला एक सुबक चौपदरी सिग्नल बसला होता, इथाइल ॲसिटेटचा. शिवाय पाणी. पित्ताम्लांच्या स्फटिकांत पोकळ्या असतात, त्यांत द्रावक जाऊन बसतो आणि हाय व्हॅक्यूमवर दोन दिवस ठेवला तरी हलत नाही. ती ९९ टक्क्यांची एचपीएलसी खोटी नव्हती, तिला द्रावक आणि पाणी दिसतच नव्हतं. तुम्ही १० मिलीग्रॅम समजून तोललं ते प्रत्यक्षात ९.१ होतं. तुमचं द्रावण लिहिलेल्यापेक्षा पातळ, म्हणून रुग्णाचा आकडा फुगलेला. सीमारेषेवरच्या बाळाला हे दहा टक्के एका गटातून दुसऱ्या गटात नेऊ शकतात. मी ती बॅच परत मागवली, ॲसिटोनायट्राइल आणि पाण्यात विरघळवून फ्रीझ ड्राय केली, नवा आकडा काढून पाठवली. तेव्हापासून द्रव्य पूर्ण कोरडं असल्याचा दावा मी करत नाही. जे आहे त्यात खरा रेणू किती टक्के, तेवढं लिहून देतो.

यूव्हीचा आणखी एक दोष. पित्ताम्लांना रंगवाहक गट नसतो, २१० नॅनोमीटरच्या खाली ती जेमतेम दिसतात. उलट ३-ऑक्सो-डेल्टा-४ गट २४० च्या आसपास लख्ख दिसतो. त्यामुळे ३-ऑक्सो स्टँडर्डमध्ये न बदललेला मूळ माल वीस टक्के असला तरी यूव्हीवर ते ‘शुद्ध’ दिसेल. म्हणून चार्ज्ड एरोसोल किंवा बाष्पीभवन-प्रकाशविकिरण डिटेक्टरवरचा आलेख मागा. त्याच्यासोबत कार्ल फिशरने पाण्याचं प्रमाण, उरलेले द्रावक, आणि क्वांटिटेटिव्ह एनएमआरचा आकडा. दोन वेगवेगळ्या वाटांनी काढलेली शुद्धता एक-दोन टक्क्यांत जुळली पाहिजे. नाही जुळली तर काहीतरी लपलंय.

आणि रचनेची खात्री नाव वाचून करू नका. हाइनरिख वीलँड यांना पित्ताम्लांच्या रचनेवरच्या कामासाठी १९२७ चं नोबेल मिळालं, आणि त्या वेळी मांडलेला सांगाडा चुकीचा होता. स्फटिकांवरच्या क्ष-किरणांच्या अभ्यासानंतर १९३२ मध्ये तो सुधारला गेला, सुधारणाऱ्यांत वीलँड स्वतःही होते. इतक्या मोठ्या माणसाला जिथे पुन्हा बघावं लागलं, तिथे आपण प्रोटॉन, कार्बन आणि द्विमितीय एनएमआर न बघता बाटली स्वीकारू नये.

डॉयटेरियमवाल्या (जड हायड्रोजनच्या) अंतर्गत स्टँडर्डबद्दल, म्हणजे तुलनेसाठी नमुन्यातच मिसळायच्या रेणूबद्दल, थोडक्यात. कोलिक, किनोडीऑक्सिकोलिक यांची डी४ (चार डॉयटेरियमची) रूपं बाजारात मिळतात, ती घ्या. वेगळ्या आम्लांसाठी मात्र विचार करावा लागतो. डी४ बहुतेकदा दुसऱ्या-चौथ्या कार्बनवर, कीटोनच्या शेजारी घातलेलं असतं. कीटोन उरला नाही की डॉयटेरियम पक्कं बसतं. पण ३-ऑक्सो आम्लांत कीटोन तसाच असतो, त्यामुळे ते पाण्याशी अदलाबदल करत हळूहळू निसटतं. तिथे कार्बन-१३ आणि नायट्रोजन-१५ चं ग्लायसिन जोडून लेबल करणं जास्त सुरक्षित. ७४ चा तुकडा ७७ ला जातो, गोंधळ होत नाही. आणि हे शेवटच्या पायरीवर होत असल्यामुळे महागडं लेबल वाया जात नाही.

खर्चाची भीती तुम्ही बोलून दाखवलीत, तर एक हिशोब मांडतो. मघाच्या नीमन-पिकच्या आम्लाचा रेणुभार ४०८ च्या थोडा वर. त्याच्या एका मिलीग्रॅममधून १०० नॅनोमोलरचं सुमारे २४ लिटर द्रावण होतं. तुम्हाला ग्रॅमभर कधीच लागणार नाही. पण दहा पायऱ्यांच्या संश्लेषणात प्रत्येक पायरी ८० टक्के उतरली तरी शेवटी ११ टक्केच उरतात. मेहनत ५ मिलीग्रॅमला आणि ५०० मिलीग्रॅमला जवळजवळ तेवढीच, पारखायचा खर्चही तोच. म्हणून एकट्याने मागवू नका. पुणे-मुंबईतल्या ज्या चार-पाच लॅब ही तपासणी करतात किंवा करू इच्छितात, त्यांनी मिळून एकच बॅच करून घ्या, एकदाच नीट पारखा, आणि छोट्या अंबर कुप्यांत वाटून घ्या. सगळे एकाच मापाने मोजतील, हा त्यातला मोठा लाभ. कोथरूडचा आकडा परळला जुळेल. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, एनसीएल, १९५० पासून आहे, शेजारी आयसर ही विज्ञानसंस्था आहे. एनएमआर यंत्रं आणि स्टिरॉइड हाताळलेले हात दोन्ही या एका रस्त्यावर सापडतात. परदेशी पार्सल कस्टममध्ये अडकून बर्फ वितळायची धास्ती तर मुळीच नाही.

पेशीतल्या पेरॉक्सिझोम या भागाच्या आजारांसाठी लागणारी २७ कार्बनची आम्लं, डीएचसीए आणि टीएचसीए, पहिल्या फेरीत घेऊ नका. पंचविसाव्या कार्बनवर दोन हात आहेत, आर आणि एस, आणि एएमएसीआर एन्झाइमच्या आजारात नेमका ‘आर’ साठतो. ते वेगळे करणं हे स्वतंत्र काम आहे, त्याला अनुभवी माणूस आणि सहा महिने द्या. सेरेब्रोटेंडिनस झँथोमॅटोसिस या चयापचयाच्या आजारासाठी रक्तातल्या कोलेस्टॅनॉलपासून सुरुवात करा, त्याचं स्टँडर्ड सहज मिळतं. लहानपणीच मोतीबिंदू आणि न थांबणारे जुलाब असलेलं मूल आलं की ही चाचणी आठवली पाहिजे.

डॉक्टरांसाठी एक निरोपही द्या. कावीळ म्हटलं की उर्सोडीऑक्सिकोलिक सुरू होतं, ते चूक नाही. पण ते लघवीत इतकं येतं की बाकी सगळं झाकून टाकतं. त्याच्या ग्लायसिन-सल्फेटचा आयन ५२८ ला असतो, तुमच्या ५२६ च्या अगदी कुशीत. शक्य असेल तर औषध सुरू करण्याआधीच ५ मिलीलिटर लघवी काढून गोठवून ठेवावी. एवढ्या एका कुपीने पुढचे कित्येक दिवस वाचतात. औषध आधीच सुरू असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून मगच थांबवायचं ठरवा, परस्पर नको.

स्टँडर्ड हातात आलं की मेथनॉलमध्ये एक मिलीलिटरला एक मिलीग्रॅम करून उणे २० ला ठेवा. त्यात आम्ल घालू नका, नाहीतर हळूहळू मिथाइल एस्टर होत राहील. पहिल्या दिवशी रुग्णाचा नमुना लावू नका. ग्लायकोकोलिक आणि नीमन-पिकचं ग्लायसिन-आम्ल एकाच कुपीत मिसळा आणि ४६४ वर सोडा. दोन पीक दिसली पाहिजेत, तळापर्यंत वेगळी. मग ७-अल्फा आणि ७-बीटा तसेच एकत्र सोडा. एकच पीक आलं तर ग्रेडियंट (द्रावकाचं मिश्रण हळूहळू बदलत नेणं) लांबवा, कॉलम बदला, आणि पुन्हा सोडा. दोन्ही जोड्या सुटल्या की मला क्रोमॅटोग्राम पाठवा, त्यापुढचं आपण लॅबमध्ये समोरासमोर बसून बघू.